दोनशे अठ्ठ्याण्णव

२९ एप्रिल १९५४

माझी बायको आयडा जाऊन येत्या जूनमध्ये दोन वर्षं होतील. ती असताना मॅचहून आलो की जेवता जेवता तिला सगळं सांगायचो. कुणी मारलं, कुणी माती खाल्ली, कुठल्या अंपायरला चष्म्याची गरज आहे. ती 'हं' म्हणायची आणि वाढायची. तेवढं मला पुरायचं. आता 'हं' म्हणायलाही कुणी नाही, म्हणून ही वही घेतली.

तेहेतीस वर्षं 'एल्डर्सबर्ग कूरियर'मध्ये प्रुफं तपासतोय आणि एकवीस वर्षं गावच्या बेसबॉल संघाचा अधिकृत गुणलेखक आहे. पेपरात माझ्या डोळ्यांखालून निसटून छापल्या गेलेल्या चुका मी मोजून ठेवल्या आहेत. अकरा. गुणपुस्तकातल्या, माझ्या माहितीप्रमाणे, शून्य.

आज लीगचं पत्रक आलं. यंदापासून नवीन नियम. तिसऱ्या बेसवर आपला माणूस असताना फलंदाजानं चेंडू लांब उंच मारला, तो झेलला गेला, पण झेलानंतर तो माणूस धावत घरच्या बेसवर आला आणि धाव झाली, तर फलंदाजाच्या नावावर ती संधी मोजायची नाही. का, तर म्हणे त्यानं संघासाठी स्वतःचा बळी दिला. चौदा वर्षं आम्ही हाच झेल साधा आऊट म्हणून लिहीत आलो, तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आऊट तो आऊट. सगळीकडे लाड चाललेत. पत्रक वाचलं, खणात टाकलं.

२ मे

माझी लेक व्हर्ना आणि जावई वरच्या मजल्यावर राहतात. लॉयड प्रुइट, वय सत्तावीस, आपल्या संघाचा पहिल्या बेसवरचा खेळाडू. चार वर्षं माझ्या घरात राहतोय, पण अजून मला 'मिस्टर हॅस्केट' म्हणतो. मीही कधी 'नको म्हणूस' म्हटलं नाही.

आज स्वयंपाकघरात मटार सोलताना व्हर्ना म्हणाली, "पपा, लग्नाला चार वर्षं झाली आणि मला अजून नवऱ्याची सरासरी काढता येत नाही. बाकीच्या बायका विचारतात, मी नुसती हसते."

मी टेबलावर दहा दाणे ओळीत मांडले आणि तीन बाजूला केले. "दहा संधी, तीन फटके. फटके भागिले संधी. दशांशानंतर तीन आकडे लिहायचे आणि वाचताना दशांश गिळून टाकायचा. झाले तीनशे."

"म्हणजे सात वेळा हात हलवत परत आला तरी चांगला?"

"चांगला नाही, फार चांगला. अख्ख्या लीगमध्ये असे मोजून सात-आठ असतात."

"आणि बॅट घेऊन उभा राहिला की ती संधी?"

"तसं नाही. पिचरनं चार वाईट टाकले आणि फुकट बेस मिळाला, तर ती संधी नाही. चेंडू अंगावर बसला तरी नाही. दुसऱ्याला पुढे सरकवायला मुद्दाम हळू टेकवून स्वतः आऊट झाला, तरी नाही."

"आणि समोरच्याच्या हातून चेंडू निसटला म्हणून बेसवर पोचला तर?"

"मग संधी धरायची, फटका धरायचा नाही."

"म्हणजे तो तिकडे बेसवर धापा टाकत उभा, आणि तुम्ही इकडे लिहिणार की हा वाया गेला?"

"हो."

"निसटला का खरंच पकडण्यासारखा नव्हता, हे कोण ठरवतं?"

"मी."

तिनं माझा एक दाणा उचलून तोंडात टाकला. "मग जावयाचं काही खरं नाही," म्हणाली आणि हसत सुटली. आयडा अगदी अशीच हसायची.

९ मे

जिंकलो, एका धावेनं. आठव्या डावात तिसऱ्या बेसवर आपला माणूस होता. लॉयडनं डावीकडे इतका खोल मारला की त्यांचा खेळाडू भिंतीला टेकून झेल घेत होता तोवर आपला माणूस चालत घरी आला. लोकांनी टोप्या उडवल्या. लॉयड आऊट होऊन परतला तेव्हा मॅनेजर केसलरनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो कळवळला.

लॉयडच्या संधी-फटक्यांचं कार्ड मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवतो. हे कुणालाच माहीत नाही, व्हर्नालासुद्धा नाही. बाकीच्यांची बेरीज मी आठवड्यानं करतो, त्याची रोज करतो आणि कार्डावरून पुस्तकात उतरवतो. पोर मेहनती आहे. तोंडावर सांगणं मला जमत नाही. आज चार संधी, एक फटका. एकूण एकतीसपैकी नऊ. दोनशे नव्वद.

१६ मे

हरलो. थंडी, वारा. लॉयड तीनपैकी शून्य. पहिल्या डावात मधल्या मैदानात उंच मारला, त्यावर आपली एकुलती एक धाव आली, बस्स. व्हर्नानं मांस आणि बीन्स केले होते. तो जेवला नाही.

२७ मे

आज इज्जत गेली. मॅच संपल्यावर आमचा कॅचर वोजिक शिडी चढून माझ्या गुण लिहायच्या खोक्यात घुसला. त्या फळकुटाच्या खोक्यात मी एकटाच कसाबसा मावतो.

"आजोबा, पाचव्या डावात माझ्या उंच चेंडूवर धाव आली. संधी धरलीत?"

"धरली. आऊट होतास."

"लीगचं पत्रक वाचलंत, की त्यात मासे गुंडाळलेत?"

नियम मला पाठ होता, पण पेन्सिलीला चौदा वर्षांची सवय. घरी येऊन महिन्याभराची सगळी पानं काढली. चार खेळाडू, सहा जागा. सगळ्या दुरुस्त केल्या आणि लीगला पत्र टाकलं. प्रत्येक खेळाडूची पुस्तकातली बेरीज नव्यानं तपासली. लॉयडची तेवढी तपासायची गरज पडली नाही. ती माझ्या खिशातल्या कार्डाशी तंतोतंत जुळत होती.

एकवीस वर्षांत पहिल्यांदा चूक झाली आणि मीच ती निस्तरली. झोप बरी लागेल.

१९ जून

व्हर्नाला दिवस गेले आहेत. डिसेंबर. मी 'छान' म्हणालो आणि बागेत जाऊन टोमॅटोंना दुसऱ्यांदा पाणी घातलं.

लॉयड मागोमाग आला. तो आपणहून माझ्याजवळ येऊन बसला असं कधी झालं नाही.

"मिस्टर हॅस्केट, केसलर म्हणतो, वरच्यांचं पत्र आलंय. हंगाम तीनशेवर संपवला तर पुढच्या वर्षी वरच्या लीगमध्ये घेतील. नाहीतर सोडून देतील. सत्तावीसचा झालो ना."

"आज तीनशे नऊ आहे. एकशे एकोणचाळीसपैकी त्रेचाळीस."

त्यानं चमकून बघितलं. "तोंडपाठ आहे तुम्हाला?"

"सगळ्यांचेच असतात," मी म्हणालो. खोटं होतं.

मग त्यानं एक कच्चा टोमॅटो बोटांनी चाचपला. "सोडलं तर मार्लोची खाण. दुसरं काही येत नाही मला. माझे वडील खाली अडकले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. दोन दिवस आईनं मला वर तोंडाशी उभं केलं होतं, बाबा आले की तू पहिला दिसायला हवास म्हणून. दवाखान्यातल्या लिफ्टमध्येसुद्धा मला घाम फुटतो. व्हर्नाला माहीत नाही हे."

"खांदा मिटून घे, लवकर उघडतोयस," एवढंच म्हणालो.

१४ जुलै

दोनशे सत्त्याहत्तर. दोनशे एकतीसपैकी चौसष्ट. गेल्या सतरा संधींत एकही फटका नाही. चेंडू बॅटवर येतोय, पण जिथे मारतो तिथे कुणीतरी उभा असतोच. हे आकड्यांत कुठे लिहायची सोय नाही.

आज व्हर्ना दारात उभी राहिली. पोट दिसायला लागलंय. "पपा, कालचा तो दुसऱ्या बेसजवळचा. लोक म्हणत होते फटका होता."

"लोकांच्या हातात पेन्सिल नाही."

"तुमच्या हातात आहे म्हणून तर बोलतेय. मी खोटं लिहा म्हणत नाही. जिथे दोन्ही म्हणता येतं तिथे तरी."

मी ओरडलो. एकवीस वर्षांत मी पाद्र्याच्या मुलाला सोडलं नाही, मालकाच्या पुतण्याला सोडलं नाही. घरचा म्हणून लॉयडला सोडलं तर उद्या गाव म्हणेल, हॅस्केटची पेन्सिल सासरा झाली.

"गाव म्हणेल," ती म्हणाली. "गावाचंच बघा तुम्ही." आणि वर निघून गेली. रात्री जेवायलाही खाली आली नाही.

मी चुकलो का? मला नाही वाटत. पण आयडा असती तर तिनं 'हं' म्हटलं नसतं.

२२ ऑगस्ट

तीनशे चोपन्नपैकी एकशे पाच. दोनशे सत्त्याण्णव. पोरानं महिन्याभरात स्वतःला वर खेचून आणलंय. काल चेंडू उजव्या मनगटावर बसला. ती संधी मोजली जात नाही, पण मनगट सुजून वांग्याएवढं झालंय. डॉक्टर म्हणाले दहा दिवस बॅट धरू नका. लॉयडनं घट्ट पट्टी बांधली आणि आज खेळला. दोन फटके मारले. दुसऱ्यानंतर बेसवर वाकून उभा होता, तो दमल्यामुळे नाही.

खरं सांगायचं तर खोक्यात बसून मी देवाकडे फटके मागतो. आयडाच्या आजारात मी देवाकडे काही मागितलं नव्हतं, लाज वाटली होती. आता मागतो.

६ सप्टेंबर

हंगामाचा शेवटचा दिवस. सकाळी केसलर घरी आला. दारातूनच विचारलं, "ऑरिन, किती?"

"तीनशे पंच्याण्णवपैकी एकशे अठरा. दोनशे नव्व्याण्णव."

त्यानं टोपी काढून मांडीवर आपटली. "छ्या! एवढासा कमी. तीनशे असते तर आज बाकावर बसवला असता त्याला. मनगट बघितलंस? शेवटच्या दिवशी तीनशेवाल्याला कुणी खेळवतं का? सगळेच झाकून ठेवतात. आता उतरवावाच लागेल."

दुपारी दोनला मॅच सुरू झाली. लॉयड पहिल्यांदा आऊट. दुसऱ्यांदा स्वच्छ फटका. तिसऱ्यांदा आऊट, बॅट हातातून सुटली. आठव्या डावात शेवटचा आला. फटका बसला तर तीनशे एक, नाही बसला तर संपलं. हे मैदानावर तिघांना माहीत होतं, लॉयड, केसलर आणि मी. व्हर्ना तिसऱ्या रांगेत दोन्ही हात पोटावर ठेवून बसली होती.

त्यानं जमिनीलगत जोरात मारला, थेट तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूकडे. चेंडू त्याच्या हातमोज्याच्या मनगटाकडच्या कडेला लागून छातीवर आदळला आणि खाली पडला. त्यानं उचलून फेकेपर्यंत लॉयड बेसवर पोचला होता. लोक उभे राहून ओरडत होते. लॉयड बेसवरून माझ्या खोक्याकडे बघत होता.

आमच्याकडे लाउडस्पीकरवाल्याला मी हातानं खूण करतो. बोट म्हणजे फटका, मूठ म्हणजे समोरच्याची चूक.

मी स्वतःला विचारलं, हा परक्या संघाचा कुणी असता तर? उत्तर आलं, बहुतेक बोट दाखवलं असतं. मग मला भीती वाटली, की हे उत्तरच मुळी मी सासरा आहे म्हणून आलंय. मी मूठ दाखवली.

लोकांनी शिव्या घातल्या. एकानं शेंगांची पुडी फेकून मारली. व्हर्ना उठून निघून गेली. लॉयडनं टोपी नीट केली आणि पुढच्या चेंडूकडे बघायला लागला.

तीनशे नव्व्याण्णवपैकी एकशे एकोणीस. दोनशे अठ्ठ्याण्णव.

७ सप्टेंबर

केसलरनं लॉयडला कार्यालयात बोलावलं. पाच मिनिटांत सुटला. दोन बॅटी आणि बुटांची पिशवी घेऊन चालत घरी आला.

मी व्हरांड्यात होतो. म्हणालो, "लॉयड, तो चेंडू..."

"पुस्तक तुमचं आहे, मिस्टर हॅस्केट." आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं.

१९ सप्टेंबर

मार्लोला गेले. तीस मैल. खाणीवाल्यांच्या चाळीत दोन खोल्या मिळाल्यात. बॅटी माझ्या तळघरात ठेवून गेला. व्हर्नानं गाल पुढे केला, पण डोळ्यांत बघितलं नाही. वरचा मजला इतका शांत आहे की मी आज खाली बसून रेडिओ मोठा लावला आणि काय चाललंय ते ऐकलंच नाही.

२३ ऑक्टोबर

हे कसं लिहू?

दर ऑक्टोबरात मी हंगामाचं पुस्तक शाईनं स्वच्छ उतरवून काढतो. पेन्सिल पुसट होते, शाई राहते. आज मे महिना घेतला. नऊ तारखेच्या पानावर लॉयडचा आठव्या डावातला चौकोन आला. डावीकडे खोल, झेल, तिसऱ्यावरून धाव. खाली माझ्या अक्षरात: संधी.

आधी काही कळलंच नाही. मग सोळा तारीख काढली. मधल्या मैदानात झेल, धाव. संधी.

वोजिकनं झापलं त्या दिवशी मी चार जणांच्या सहा जागा दुरुस्त केल्या. लॉयडच्या बेरजेला हात लावला नाही, कारण ती कार्डाशी जुळत होती. जुळणारच. कार्ड माझंच, चूक माझीच, आणि पुस्तकात मीच उतरवलेली. बाकी सगळ्यांना मी परक्यासारखं तपासलं. ज्याला मी खिशात घेऊन फिरत होतो तेवढाच राहून गेला.

एकशे एकोणीस भागिले तीनशे सत्त्याण्णव. तीन वेळा भागून बघितलं. शून्य दशांश दोन नऊ नऊ सात. तीन आकड्यांत लिहायचं म्हणजे तीनशे.

आणि त्या दिवशी सकाळी, केसलर दारात उभा असताना: एकशे अठरा भागिले तीनशे त्र्याण्णव. तेही तीनशे. तो बाकावर बसला असता. पट्टी बांधून, पाय पसरून, शेंगा खात. तो चेंडू त्याला मारावाच लागला नसता आणि मला ती मूठ दाखवावी लागली नसती.

मी हरामखोर आहे. दुसरा शब्द मला सापडत नाही.

२४ ऑक्टोबर

केसलरकडे गेलो. तो गॅरेजमध्ये गाडीखाली होता. मी सगळं सांगितलं. तो हात पुसत बाहेर आला.

"आता सांगतोस? अरे ऑरिन, वरच्यांनी पहिल्या बेससाठी टेक्सासचा एकोणीस वर्षांचा पोरगा घेतलासुद्धा. सह्या झाल्या. तुझ्या तीनशेचं आता मी काय करू? चुलीत घालू?"

"पण खरे तीनशे होते."

"सप्टेंबरात हवे होते," म्हणाला आणि पुन्हा गाडीखाली गेला.

२६ ऑक्टोबर

लीगला दुरुस्तीचं पत्र टाकलं. दोन्ही तारखा, दोन्ही डाव, माझी सही. चूक माझी, असं स्पष्ट लिहिलं. टाकल्यावर जरा हलकं वाटलं. निदान कागदावर त्याचं त्याला मिळेल. मार्लोला काय लिहावं ते अजून ठरत नाही.

११ नोव्हेंबर

व्हर्नाचं पत्र. सप्टेंबरनंतरचं पहिलं. इथे उतरवून ठेवतो, म्हणजे पुन्हा पाकीट उघडायला नको.

'पपा, मी तुमच्यावर रागावले होते, अजून थोडी आहे. पण एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. लॉयड खाली जायला लागला तेव्हा पहिले दोन आठवडे खाणीत उतरायच्या पिंजऱ्यात पाय ठेवताना त्याला उलटी व्हायची. त्यानं मला त्याच्या वडिलांचं सगळं सांगितलं. मी म्हटलं, सोड, आपण दुसरं काही बघू. तो म्हणाला, नाही. म्हणाला, मला एकदा पुरती संधी मिळाली आणि मी दोनशे अठ्ठ्याण्णवचा निघालो. कुणी फसवलं असतं तर मी इथे उभाच राहू शकलो नसतो, वेडा झालो असतो. पण तुझ्या वडिलांनी मोजलंय, आणि ते स्वतःसाठीसुद्धा खोटं मोजणार नाहीत. रोज सकाळी पिंजऱ्याचं दार लागताना तो तोच आकडा म्हणतो. मी ऐकलंय. आता उलटी होत नाही. झोपतोही. बाळाला आता महिनाच राहिला. व्हर्ना.'

दुपारी ऑफिसला गेलो नाही. एकवीस वर्षांत माझ्यावर इतका विश्वास कुणी टाकला नव्हता.

लीगला दुसरं पत्र लिहिलं: दुरुस्ती मागे घेतो.

२२ नोव्हेंबर

लीगच्या सचिवाचं उत्तर. 'आम्ही गुणपत्रिका तपासल्या. तुमचीच दुरुस्ती बरोबर आहे, ती मागे घेता येणार नाही. अंतिम तक्त्यात बदल केला आहे. आपल्यासारखा प्रामाणिक गुणलेखक लाभला, याचा लीगला अभिमान वाटतो.'

हे पत्र मी फाडलं. मग तुकडे गोळा करून खणात ठेवले, एप्रिलच्या पत्रकाशेजारी.

२९ नोव्हेंबर

लीगचा अंतिम तक्ता 'कूरियर'साठी आला. छापखान्यातल्या जुळारीनं खिळे लावून प्रूफ माझ्या टेबलावर टाकलं. आठवी ओळ: प्रुइट, एल्डर्सबर्ग, संधी ३९७, फटके ११९, सरासरी ३००.

मार्लोच्या चाळीत 'कूरियर' जातो. खाणीवर जेवणाच्या सुट्टीत आधी खेळाचं पान उघडतात.

काय करायचं हे मला कळत होतं. तेहेतीस वर्षं मी एकच काम केलंय, चुकीचं काढायचं आणि बरोबर घालायचं. लाल पेन्सिल टेकवली. ३९७ खोडून ३९९. ३०० खोडून २९८. बाण काढून ओळ तीन घरं खाली सरकवली. समासात सही.

जुळारी म्हणाला, "मूळ कागदावर तीनशेच आहे, मिस्टर हॅस्केट."

"लीगवाल्यांची चूक आहे."

"तुम्ही म्हणता म्हणजे असेलच," म्हणाला आणि खिळे बदलायला बसला.

बारावी चूक.

२५ डिसेंबर

बसनं मार्लोला गेलो. मुलगी झाली, अकरा दिवसांची. नाव आयडा ठेवलंय. माझ्या हातात दिली तेव्हा ती तोंड वाकडं करून झोपली होती. व्हर्नानं या वेळी डोळ्यांत बघितलं. थकलीय, पण घरात ऊब होती, कोंबडी भाजल्याचा वास होता.

लॉयड बारीक झालाय. हात कितीही धुतले तरी बोटांच्या रेघांतला कोळसा जात नाही. खिडकीपाशी खुर्ची ओढून बसला होता, काच उघडी ठेवून, एवढ्या थंडीत. व्हर्ना काही म्हणाली नाही. तिला सवय झालीय.

जेवताना त्यानं पाकिटातून 'कूरियर'चं कात्रण काढून माझ्यापुढे ठेवलं. घड्यांवर काळं झालेलं.

"परवा खाली एक जण म्हणाला, त्याच्या मेहुण्यानं कुठल्या तरी दुसऱ्या पेपरात माझे तीनशे वाचले. मला हसूच आलं. म्हटलं, माझा सासरा मोजतो बाबा, तिथे काही हलायचं नाही. हा बघ." त्यानं कात्रणावर बोट ठेवलं. "दोनशे अठ्ठ्याण्णव. तो गप्प बसला."

व्हर्ना आमच्या दोघांकडे बघत होती.

"एकच विचारतो, पॉप," तो म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदा. "शेवटच्या दिवशीचा तो. फटका होता का? काहीही असो, मला चालेल. फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय."

ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही.

"चूक होती," मी म्हणालो.

"झालं तर," तो म्हणाला. कात्रण घडी करून पाकिटात ठेवलं आणि मला बटाटे वाढले. मी खाल्ले. दुसऱ्यांदा वाढले, तेही खाल्ले.

परतीच्या बसमध्ये रडलो. शेजारच्या बाईनं रुमाल दिला.

खरा आकडा कुठेतरी असायला हवा, म्हणून इथे लिहितो. लॉयड प्रुइट, १९५४. संधी तीनशे सत्त्याण्णव, फटके एकशे एकोणीस. तीनशे. मी मेल्यावर ही वही जाळायची, असं पाकिटात लिहून वकिलाकडे देणार आहे.

मार्चमध्ये लीगचं वार्षिक पुस्तक निघतं. गेल्या हंगामात खेळलेल्या प्रत्येक खेळाडूला त्याची एक प्रत घरपोच मिळते. त्या पुस्तकाचं प्रूफ माझ्याकडे येत नाही.